माणशी एक दगड

सर्जेराव आर्किटेक्टच्या ऑफिसात मिळून दोनच माणसं, आणि दोघांचं दिवसभर भांडण. एक खुद्द सर्जेराव, दुसरी बेबीनंदा. सर्जेरावांनी कागदावर रेघ ओढायची आणि त्या रेघेची शाई वाळायच्या आत बेबीनंदानं तिचा खर्च सांगायचा, असा रिवाजच पडून गेला होता.

"सर, ही गॅलरी साडेसातशेला पडली."

"अगं बाई, अजून कठडा तर काढू दे!"

"कठडा धरूनच सांगितलं."

सर्जेराव परतूरकडच्या शेतकरी घरातले. पुण्यात शिकून आले आणि जालन्यात बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बोर्ड लावून बसले. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि कमानीचा भारी सोस. गुरांचा गोठा काढायला दिला तरी त्याच्या दाराला कमान द्यायचे. बेबीनंदा हसनाबादची. पॉलिटेक्निकच्या वर्गात सगळी पोरं आणि ही एकटी मुलगी, असा डिप्लोमा करून आली होती. आल्यागेल्याला सर्जेराव सांगायचे, "मी काढतो आणि ही खोडते." पण त्यांच्या हातचं एकही घर पैशाअभावी अर्धं उभं राहिलं नव्हतं, आणि ते कुणामुळे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. घर बांधून झाल्यावर रडण्यापेक्षा कागदावर असताना रडलेलं बरं, हे त्यांनीच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. आता ती त्यांना रोज रडवत होती, तो भाग वेगळा.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. संक्रांत झाल्यावर एका सकाळी हसनाबादच्या वस्तीतली चार माणसं जिना चढून वर आली. पुढं बेबीनंदाचे वडील पुंजाराम, मागं धापा टाकत कडूबा, आणि त्यांच्या मागं मालनबाई आणि केशरबाई. मालनबाई म्हणजे बेबीनंदाची आई आणि केशरबाई तिची चुलती. वस्तीत बुद्धविहार बांधायचा होता. लोकांनी मजुरीतून, पगारातून काढून अकरा हजार जमवले होते.

"जयभीम साहेब," पुंजाराम म्हणाले. "पोरगी तुमच्याकडंच हाये, मंग दुसरीकडं काहून जावं?"

"बसा, बसा! काय काय पाहिजे ते सांगा," सर्जेराव म्हणाले आणि लगेच पेन्सिल उचलली.

पुरुष सांगू लागले. मोठा हॉल पाहिजे, लग्नं तिथंच व्हावीत. समोर ओटा पाहिजे. सगळ्यांचं झाल्यावर मालनबाई म्हणाली, "अन् एक अभ्यासाची खोली. पोरींसाठी. तिला खिडकी मोठी ठिवा."

बेबीनंदानं मान खाली घातली. ही खोली कुठून आली हे तिला सांगायची गरज नव्हती. घर एका खोलीचं, आत आठ माणसं. मॅट्रिकचा सगळा अभ्यास तिनं एसटी स्टँडच्या कट्ट्यावर, तिथल्या एकुलत्या एक बल्बखाली केला होता. येणारीजाणारी टारगट पोरं बघायची, म्हणून मालनबाई डाळ निवडायचं निमित्त काढून सूप घेऊन शेजारी बसायची. शेवटची गाडी गेली की मायलेकी घरी. एकच डाळ मालनबाईनं किती वेळा निवडली असेल कोण जाणे. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं.

सर्जेरावांनी आठ दिवसांत नकाशा काढला, आणि तो इतका देखणा झाला की बेबीनंदाला दर लावायचं जिवावर आलं. मधोमध हॉल, डाव्या अंगाला अभ्यासिका, तिला पूर्वेची मोठी खिडकी, आणि प्रवेशाला, अर्थात, कमान. तिनं पाया धरला, जोतं धरलं, भिंतींचा घडीव काळा दगड धरला, चौकटी, पत्रे, फरशी धरली. आकडा आला अठरा हजार.

"तू काहीतरी जास्त लावलंयस," सर्जेराव म्हणाले.

"सर, तुम्हीच बघा."

त्यांनी पाहिलं. जास्त काहीच नव्हतं. सगळा भार दगडावर होता. खदानीतून काढायचा, पाथरवटाकडून घडवायचा, वाहून आणायचा, अशी तिहेरी मजुरी त्याला होती. बेबीनंदाच्या मनात एकदा येऊन गेलं की सागवानाऐवजी आंब्याचा दर लावावा, पाया जरा उथळ दाखवावा, आकडा खाली येईल आणि खोली राहील. पण असल्या इस्टिमेटावर उभ्या राहिलेल्या छपराविना भिंती तिनं तालुक्यात पाहिल्या होत्या. आपल्याच माणसांना फसवून बांधलेल्या खोलीत कुठली पोरगी बसणार होती?

मंडळी पुन्हा जालन्याला आली. अठरा हजार ऐकून कडूबानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

तेव्हा केशरबाई बोलली. ती घरात फारशी बोलत नसे, त्यामुळं सगळे तिच्याकडं बघू लागले.

"दगड महाग हाये म्हणता ना? दुष्काळात आम्ही काय केलं दोन वर्सं? सरकारची खडीच फोडली ना? वस्तीतली एक बाई दाखवा जिला घण धरता येत न्हाई. सरकारसाठी फोडली, आता आपल्यासाठी घडवू. माणशी एक दगड. गावाबाहेर ती दुष्काळातली खदान पडलीच हाये."

"खडी फोडणं वेगळं आणि दगड घडवणं वेगळं, काकू," बेबीनंदा म्हणाली.

"ते तू शिकव. इतकी शिकलीस कशाला मंग?"

सर्जेराव टेबलावर हात आपटून हसले. ग्रामपंचायतीनं खदानीला होकार दिला. बेबीनंदा रविवारी गावी जाऊन साचा दाखवून आली. दीड फूट लांब, पाऊण फूट उंच, तोंडाची बाजू साफ. एक म्हातारा पाथरवट चार दिवस येऊन बसला आणि त्यानं छिन्नी कशी धरायची ते दाखवलं. पुंजारामांनी घरोघर फिरून माणसं मोजून आणली. ऐंशी घरं, साडेचारशेच्या वर माणसं. अंगावरचं पोरही मोजलं. एक पोटुशी बाई म्हणाली, माझे दोन धरा. कडूबानं तर म्हशीचाही धरायला सांगितला.

"म्हस माणूस हाये का रे?" पुंजाराम म्हणाले.

"तिच्या दुधावरच घर चालतंय. ती न्हाई तर मंग मी बी न्हाई."

म्हशीचाही धरला. समोरची भिंत आणि बाजूच्या दोन्ही भिंती गावच्या दगडात बसल्या, मागची साध्या अनघड दगडात. बेबीनंदानं दगडाची किंमत वजा केली, खोदाईचं श्रमदान वजा केलं. हॉल बराबर अकरा हजारांत आला. अभ्यासिका मात्र बाहेरच राहिली. तिला आणखी तीन हजार लागत होते, आणि माणसं संपली होती.

"कमान काढली तर?" बेबीनंदानं विचारून पाहिलं.

"कमानीला हात लावायचा नाही!" सर्जेराव गरजले. मग जरा नरमले. "आणि नुसत्या कमानीनं भागतंय कुठं? तिचे होतील हजार-बाराशे. खोली नंतर बांधता येईल, बाई. जागा राखून ठेवू."

नंतर म्हणजे कधीच नाही, हे इस्टिमेट काढणाऱ्याला सांगावं लागत नाही. बेबीनंदानं नकाशावरच्या त्या खोलीवर स्वतःच्या हातानं आडवी रेघ मारली. घरी मालनबाईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "तुला लिहावं तर लागलंच असंल, बेबी," एवढंच ती म्हणाली. ओरडली असती तर बेबीनंदाला बरं वाटलं असतं.

बघता बघता एप्रिल आला. जागेवर पायाची आखणी भीमजयंतीनंतर पाचव्या दिवशी करायची ठरली. जयंतीला वस्तीतल्या सगळ्या लेकी माहेरी येतात. दिवाळीला एखादी यायची राहील, जयंतीला नाही. त्याही वर्षी एसट्या भरभरून आल्या. बेबीनंदाही रजा काढून आली होती. विहाराच्या जागेवर घडवलेल्या दगडांचा ढीग लागला होता, आणि ज्यानं त्यानं आपल्या दगडाच्या मागच्या बाजूला गेरूनं खूण केली होती. ज्याला लिहिता येत होतं त्यानं नाव, नाही त्यानं विळा, पाटी, पणती. कडूबाच्या म्हशीच्या दगडावर दोन शिंगं होती.

केशरबाईची लेक उषाबाई जाफराबादला दिलेली. ती पिशवीसकट त्या ढिगापाशी आली आणि हौसेनं एकेक दगड बघू लागली. भावाचा सापडला. भावजयीचा सापडला. गेल्या महिन्यात जन्मलेल्या भाच्याचाही सापडला. मग ती सगळा ढीग फिरून आली.

"काका, माझा कुठं हाये?"

"तुझा?" पुंजाराम गोंधळले. "तुझा तुझ्या सासरी, पोरी."

"सासरी तर विहारच न्हाई! तिथं काय नदीत टाकू?"

भोवतालचे हसले. उषाबाई हसली नाही. तिनं पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचला, तेव्हा हसणारे जरा मागं सरकले.

"माणशी एक दगड म्हणला ना तुम्ही? बरं. पाळण्यातल्या पोराचा धरला. अजून जन्मला बी न्हाई त्याचा धरला. कडूबाकाकाच्या म्हशीचा धरला! मंग आम्ही काय माणसं न्हाई का?"

तोवर दुसरी लेक पुढं आली, तिसरी आली, आणि कडूबाची ऐंशीची आत्या गोजरबाई काठी टेकत आली. ती म्हणाली, "मी ह्या वस्तीत जन्मले तवा तुमच्यातला एक बी न्हवता. माझा दगड काढा." पुंजाराम खाली बघायला लागले. पण सगळ्यांत जास्त तोंड उतरलं बेबीनंदाचं. वडिलांनी माणसं मोजून आणली आणि तिनं ती तशीच धरली होती. कठड्यासकट गॅलरीचा दर तोंडपाठ असलेल्या बाईला एक साधी गोष्ट दिसली नव्हती, की घरोघर मोजलं की लेकी सुटतात. आणि ती स्वतःही याच वस्तीची लेक! तिला लाज वाटली. आणि लाज पुरती वाटून व्हायच्या आतच तिच्या डोक्यात दुसरं काहीतरी लखकन चमकलं.

"उषाताई," ती म्हणाली, "आपल्या वस्तीच्या लेकी किती असतील गं? आत्या धरून?"

"घरटी तीन-चार तरी. काहून?"

बेबीनंदा तिथंच जमिनीवर बसली आणि काडीनं मातीत हिशेब मांडू लागली. बाया भोवती गोळा झाल्या. ऐंशी घरं, घरटी तीन-चार लेकी. खोलीची एक भिंत हॉलचीच, उरल्या तीन. खिडकी वजा, दार वजा. हिशेब सुटला तेव्हा तिचा विश्वास बसेना, म्हणून तिनं पायानं माती पुसून पुन्हा मांडला. पुन्हा तोच आला.

"बसतेय!" ती ओरडली. "अगं, खोली बसतेय! अभ्यासाची खोली! तीनही भिंती लेकींच्या दगडात निघतात!"

मालनबाई मागं उभी होती. ती गर्दीतून वाट काढत घरात गेली आणि दुष्काळातला आपला घण घेऊन बाहेर आली, आणि तो तिनं उषाबाईच्या हातात दिला.

त्यानंतर वस्तीत जे झालं ते हसनाबादनं कधी पाहिलं नव्हतं. लेकी दोन दिवसांसाठी आल्या होत्या, त्या हलेनात. नवऱ्यांना पोरांसकट परत पाठवलं. "भाकऱ्या करता येत न्हाईत तुम्हाला? मंग शिका!" असं सांगून एकीनं नवऱ्याला भर स्टँडवर एसटीत बसवलं. सकाळी ऊन चढायच्या आत आणि दुपार कलल्यावर खदानीत छिन्न्यांचा नुसता खणखणाट. भावजया पाणी, कांदा-भाकरी घेऊन यायच्या आणि जाता जाता नणंदेच्या दगडाला नावं ठेवून जायच्या. ज्यांना यायला जमलं नाही त्यांचे दगड बहिणींनी घडवले. गोजरबाईनं छिन्नीचे चार घाव स्वतः घातले, बाकीचे नातीनं, पण सांगताना अख्खा दगड आपणच घडवला असं ती सांगायची.

मधल्या एका दिवशी बेबीनंदा जालन्याला जाऊन सर्जेरावांपुढं उभी राहिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे बारीक केले.

"बाई, तूच मला शिकवतेस. इस्टिमेटात कबुली धरत नाहीत, माल धरतात. आधी ढीग दाखव."

"दाखवते. पण सर, दगड निघाला तरी छप्पर, दार, खिडकी राहतंच. अकराशे कमी पडतात."

"मग?"

बेबीनंदा नुसती नकाशातल्या कमानीकडं बघत राहिली. सर्जेरावांनी नकाशाची गुंडाळी केली आणि चहा मागवला.

आखणीच्या दिवशी ते सकाळच्या गाडीनं हसनाबादला उतरले. खुंट्या, सुतळी, पांढऱ्या फक्कीची पाटी, सगळं तयार होतं. पुंजारामांनी त्यांना आधी डाव्या बाजूला नेलं. तिथं दुसरा ढीग उभा होता, पहिल्याच्या शेजारी. सर्जेराव त्याभोवती फिरले. एक दगड कलता करून त्याची कड बोटानं तपासली. सोडला, दुसरा कलता केला. त्यांची सवयच होती, कुणाच्या कामावर लगेच बरं म्हणायचं नाही. पण तिसरा दगड त्यांनी कलता केला आणि तसाच धरून उभे राहिले. त्याच्या मागं गेरूनं बांगडी काढली होती.

"ही कोण?"

"परतूरला दिलीय, साहेब," केशरबाई म्हणाली. "तुमच्याच गावाकडं. चौथीतून शाळा सोडवली तिची. हुशार होती."

सर्जेरावांनी दगड हळूच सोडला. मग खिशातून पेन्सिल काढली, नकाशा उलगडून त्याच ढिगावर पसरला, आणि प्रवेशाच्या कमानीवर एक नाही, चांगल्या दोन रेघा मारल्या.

"सर!" बेबीनंदा म्हणाली.

"बोलू नकोस. साधी चौकट बसव तिथं. दर सांग."

"साधी चौकट धरली तर अकराशे वाचतात. बराबर खोलीचं छप्पर, दार, खिडकी."

"बराबर म्हणजे बराबर?"

"बिलकुल बराबर, सर."

"मग उभी काय राहिलीस? जल्दी सुतळी धर! आयुष्यात पहिल्यांदा मी खोडलं आणि ही उभी राहून बघतेय!"

हॉलच्या रेघा पडल्या. मग डाव्या अंगाला पुंजारामांनी खुंट्या ठोकल्या, बेबीनंदानं गुण्या लावून कोपरे काटकोनात आणले, आणि उषाबाईनं पाटीतून फक्की सोडत सोडत अभ्यासिकेच्या भिंती जमिनीवर काढल्या. पूर्वेला खिडकीच्या जागी दोन आडव्या खुणा केल्या. दाराच्या जागी रेघ तोडली.

पुंजाराम लेकीजवळ आले. "बेबी, तुझा दगड मी समोरच्या भिंतीत धरलाय. चांगला दर्शनी."

"तो काढा तिथून, आबा. माझा इकडं."

"अगं पण समोर एक कमी पडंल की!"

"म्हशीला आणखी एक द्यायला लावा."

कडूबानं तिथूनच होकार दिला. सगळी वस्ती हसली. पुंजारामही हसले, आणि मग त्यांनी डोळ्यांवरून उपरणं फिरवलं. फक्की उडाली म्हणाले.

एवढ्यात मालनबाई पुढं आली. जमिनीवर नुसत्या पांढऱ्या रेघा होत्या, कुठूनही पाऊल टाकून आत जाता आलं असतं. ती गेली नाही. भिंतीच्या कडेकडेनं चालत, कोपऱ्याला वळसा घालून दारापाशी आली. तिथं तिनं चपला काढल्या, पदर डोक्यावर सारखा केला आणि दारातून आत गेली. आत मधोमध उभी राहून चहूकडं बघितलं.

"खिडकी कुठं हाये, बेबी?"

"ती बघ, तुझ्या समोर."

"मंग उजेड हिकडून येईल." मालनबाई खाली बसली, खिडकीकडं तोंड करून, मांडी घालून, कट्ट्यावर बसायची तशी. मांडीवर सूप असल्यासारखे तिचे हात आपोआप उचलले गेले, आणि तिचं तिलाच हसू आलं. तिनं ते खाली ठेवले. "आता न्हाई लागायचं ते," ती म्हणाली. "ये. बस."

बेबीनंदा दारातून आत गेली आणि आईजवळ बसली. मग उषाबाई आली, गोजरबाई आली, बांगड्या वाजवत, हसत, एकमेकींना सरकवत सगळ्या लेकी आल्या, आणि एकीनंही भिंतीवर पाय दिला नाही. बाहेर सर्जेराव हातात नकाशा घेऊन उभे होते. त्यांनी बूट काढले.

"बाई," त्यांनी दाराच्या जागेवरून हाक दिली, "मला आत जागा आहे का? का तेवढी खोली आणखी वाढवायची?"

"वाढवायची नाही, सर," बेबीनंदा आतून ओरडली. "इस्टिमेट झालंय!"